वाचकांचे प्रश्न : मुंबई बंदरात शिडाच्या होडीतून सुट्टी

प्रश्न : आम्ही पती-पत्नी नाशिकला राहतो. दोघांनाही पोहता येते आणि धरणाच्या पाण्यात शिडाची होडी चालवण्याचे प्राथमिक शिक्षण आम्ही घेतले आहे. जानेवारीत तीन-चार दिवस मुंबई बंदरात लहान शिडाची होडी भाड्याने घ्यावी, रात्री तिच्यातच मुक्काम करावा आणि एक दिवस घारापुरीला जाऊन यावे, असा आमचा विचार आहे. हे कितपत शक्य आहे, आणि दिवस कसे निवडावेत?

उत्तर : आपल्या योजनेतील घारापुरीचा भाग अवश्य पार पाडावा. होडीतील मुक्कामाचा भाग मात्र सोडून द्यावा, असे मी आग्रहाने सुचवतो.

धरणाच्या पाण्यात वारा समजला की पुरते. मुंबई बंदरात मात्र दिवसाचे वेळापत्रक भरती-ओहोटी ठरवते आणि वाऱ्याचा विचार त्यानंतर येतो. अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या उधाणाला येथील पाणी चार मीटरहून अधिक चढते-उतरते, तर अष्टमीच्या सुमारास, भांगाच्या दिवसांत, हा फरक जेमतेम दीड-दोन मीटरांवर येतो. एवढे पाणी सहा तासांत आत येते आणि पुढच्या सहा तासांत बाहेर जाते, त्यामुळे उधाणाच्या दिवशी प्रवाहाचा जोर लहान होडीच्या निम्म्या वेगाइतका असू शकतो. प्रवाह उलटा असेल, तर शीड भरलेले दिसते, होडी पाणी कापत असल्याचा भास होतो, आणि अर्ध्या तासाने पाहावे तर किनाऱ्यावरची तीच इमारत अजून समोर असते.

म्हणून आधी तिथी पाहावी आणि मग रजा टाकावी. कोकण किनाऱ्यावरचा जुना हिशेब असा, की तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, आणि अमावास्या-पौर्णिमेला बाराच्या सुमारास. हा अंदाज आहे. प्रत्यक्ष निघताना छापील भरती-तक्त्यातीलच वेळ धरावी. पण घरबसल्या दिनदर्शिका समोर ठेवून दिवस ठरवण्यासाठी यासारखे सोपे साधन नाही.

घारापुरी गेटवेपासून साधारण अकरा किलोमीटर, पूर्व-ईशान्येला आहे. भरतीचे पाणी सर्वसाधारणपणे त्याच दिशेने आत जाते आणि ओहोटीचे पाणी परत आणते. आता जानेवारीतील वारा पाहा. सकाळी जमिनीकडून मतलई वारा येतो, तो साधारण समोरूनच लागतो आणि ऊन चढू लागले की पडतो. दुपारी वायव्येकडून खारा वारा सुरू होतो आणि तीन-चारपर्यंत चांगला भरतो. मधला काळ बरेचदा निर्वात असतो, आणि त्याच वेळी भरतीचा प्रवाह हाताशी असेल, तर तो आपल्याला पुढे नेतो. यासाठी द्वितीया किंवा तृतीया उत्तम. पूर्ण भरती दीड ते सव्वादोनच्या दरम्यान येते. साडेदहाच्या सुमारास निघालात, तर एकपर्यंत बेटावरच्या शेतबंदर धक्क्याच्या बाजूला पोहोचाल, लेणी पाहून तीनच्या सुमारास परत निघाल, आणि मग ओहोटी पाठीशी व वायव्येचा वारा उजव्या अंगावर घेऊन सूर्यास्ताआधी गेटवेला याल. त्या परतीच्या दोन तासांसाठी सारा खटाटोप करावा, इतके ते सुंदर असतात. अष्टमीला गेलात तर मध्यान्हीला ओहोटी लागलेली असते, बेटाभोवती चिखल उघडा पडतो, आणि परतताना भरती समोरून येते. सोमवारी लेणी बंद असतात, हेही दिवस ठरवताना पाहावे.

मुक्कामाविषयी थोडे सविस्तर लिहितो. गेटवेजवळ शिकवण्यासाठी व फेरीसाठी मिळणाऱ्या होड्या बहुधा सीबर्ड किंवा जे-२४ जातीच्या, वीस-पंचवीस फुटी असतात. त्या दिवसाच्या वापरासाठी आहेत. नांगर टाकून झोपायचे म्हटले, तर दर सहा तासांनी प्रवाह फिरतो आणि होडी नांगराभोवती फिरते. ओहोटीला तीन मीटर असलेले पाणी रात्रीतून सात मीटर होते, आणि दोर त्या वाढलेल्या खोलीच्या किमान पाचपट सोडलेला नसेल, तर नांगर सुटतो. शिवाय नौदलाची गोदी, जवाहर द्वीपावरील तेलाचा धक्का आणि तुर्भ्याचा अणुसंशोधन केंद्राचा किनारा यांच्या जवळ फिरकण्यासही मनाई आहे. मासेमारीची डोल जाळी बंदरात अनेक ठिकाणी रोवलेली असतात, आणि अंधारात ती दिसत नाहीत. रात्री कुलाब्यात एखाद्या साध्या लॉजवर झोपावे आणि सकाळी ताजेतवाने होऊन पाण्यावर जावे.

पहिला दिवस गेटवेसमोरच्या पाण्यात सरावाला द्यावा, दुसरा किंवा तिसरा घारापुरीला. अलिबागजवळच्या मांडव्याला शिडाने जाण्याचा मोह होईल, पण या सहलीत तो टाळावा. तेथे प्रवासी बोटीने जावे.

प्रश्न : होडीवर आम्ही दोघेच असलो तर चालेल का? सोबत तांडेल (होडी चालवणारा जाणता खलाशी) घेतला, तर एकांत राहत नाही. (वाचक दांपत्य, पुणे)

उत्तर : भारतीय नौदलाच्या दोन महिला अधिकाऱ्यांनी २ ऑक्टोबर २०२४ रोजी गोव्याहून निघून, 'तारिणी' या ५६ फुटी शिडाच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा केली आणि मे २०२५ मध्ये त्या परतल्या. तेव्हा दोन माणसे पुरतात हे खरे. पण त्यामागे अनेक वर्षांचा सराव आणि हजारो सागरी मैलांचा अनुभव होता. मुंबई बंदराच्या जलमार्गातून जवाहरलाल नेहरू बंदराकडे जाणारी कंटेनर जहाजे सतत ये-जा करतात. शिडाच्या होडीला इंजिनाच्या बोटीने वाट द्यावी, हा सर्वसाधारण नियम अरुंद जलमार्गातील जहाजाला लागू होत नाही. तेथे लहान होडीनेच बाजूला व्हायचे असते. जहाजाचा भोंगा पाच वेळा तुटक वाजला, तर त्याला आपल्या हालचालीविषयी शंका आहे, असे समजून तात्काळ मार्ग मोकळा करावा. हे सारे अंगवळणी पडेपर्यंत तांडेल हवाच. जाणते तांडेल फार कमी बोलतात. सुकाणू आपल्या हाती देऊन ते बाजूला बसतात, आणि मला तरी त्यांच्या सोबतीने एकांत उणावलेला वाटला नाही.

प्रश्न : माझ्या पत्नीला पोहता येत नाही आणि तिला बोट लागते. तरीही जावे का? (वाचक, सातारा)

उत्तर : जावे, मात्र आधी त्यांना मनापासून यायचे आहे का, ते विचारावे. जीवरक्षक जाकीट धक्क्यावरच अंगात घालून, पट्टे आवळून घ्यावे आणि परत धक्क्यावर पाय ठेवेपर्यंत काढू नये. पोहणाऱ्यानेही हेच करावे. १८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीकडे निघालेल्या प्रवासी बोटीला याच बंदरात नौदलाची वेगवान बोट धडकली आणि अनेकांचे प्राण गेले. त्यानंतर तरी या बाबतीत कोणी हयगय करू नये. बोट लागण्याच्या त्रासासाठी डॉक्टरांना विचारून निघण्याआधीच गोळी घ्यावी, रिकाम्या पोटी जाऊ नये, आणि नजर दूरच्या किनाऱ्यावर ठेवावी. मोबाईलकडे पाहिल्याने मळमळ वाढते. होडी वळताना शिडाच्या तळाचा आडवा दांडा एका बाजूकडून दुसरीकडे जोरात फिरतो, म्हणून त्यांना मधोमध न बसवता कडेला, डोके खाली ठेवता येईल अशा जागी बसवावे. पहिली फेरी भांगाच्या दिवसांत, सकाळच्या मंद वाऱ्यात, एका तासाचीच ठेवावी.