सेन्सरच्या नोंदी ब्लॉकचेनवर ठेवाव्यात का?

प्रश्न : आमच्या शेतकरी गटाने जमिनीतील ओलावा व तापमान मोजणारे सेन्सर बसवले आहेत. या नोंदी विमा कंपनी आणि खरेदीदार दोघेही पाहणार आहेत. ब्लॉकचेन वापरल्यास माहिती पूर्ण सुरक्षित होते, असे विक्रेते सांगतात. हे कितपत खरे आहे?

उत्तर : हे अर्धेच खरे आहे. ब्लॉकचेन म्हणजे नोंदींच्या गठ्ठ्यांची, म्हणजे ब्लॉकांची, साखळी. तिच्यातील प्रत्येक ब्लॉकात आधीच्या ब्लॉकचा हॅश, म्हणजे मजकुरावरून गणिताने काढलेला ठसा, गुंफलेला असतो. मूळ नोंदीतला एक आकडा बदलला तरी हा ठसा पार बदलतो. नोंदी अशा एकमेकींत गुंफण्याची कल्पना स्टुअर्ट हेबर आणि स्कॉट स्टोर्नेटा यांनी १९९१ मध्येच मांडली होती. साखळीच्या प्रती गट, विमा कंपनी आणि खरेदीदार अशा वेगवेगळ्या पक्षांकडे असल्या, तर एकाने परस्पर केलेला फेरफार इतरांच्या लक्षात येतो.

मात्र ही राखण नोंद साखळीत गेल्यानंतरची आहे. सेन्सर कोणी मुद्दाम ओल्या मातीत हलवला, किंवा जमिनीतील क्षारांमुळे त्याचे मापन चुकले, तर ती चुकीची नोंदही तितक्याच काटेकोरपणे जपली जाईल. माझ्या मते खरी काळजी इथेच घ्यायला हवी. सेन्सरनेच प्रत्येक नोंदीवर वेळ आणि अनुक्रमांकासह डिजिटल स्वाक्षरी (फक्त त्याच्याकडील गुप्त किल्लीने, म्हणजे गुप्त संख्येने, काढलेली व इतरांना पडताळता येणारी खूण) करावी, म्हणजे वाटेत आकडा बदलणे, जुनीच नोंद पुन्हा पाठवणे किंवा मधली गाळणे उघडकीस येईल. स्वाक्षरीची गुप्त किल्ली मात्र सहज वाचता न येणाऱ्या सुरक्षित चिपमध्येच असावी. कारखान्यातून आलेले पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला. २०१६ साली मिराई या घातक प्रोग्रॅमने इंटरनेटला जोडलेली लाखो उपकरणे ताब्यात घेतली, ती मुख्यतः असे पासवर्ड तसेच राहिल्यामुळे. शेजारच्या सेन्सरशी आकडे ताडून पाहणे आणि ठरावीक काळाने मापन तपासून घेणे ही कामे कोणतीही साखळी तुमच्यासाठी करणार नाही.

प्रश्न : मग सगळे आकडे साखळीवरच साठवावेत का?

उत्तर : नाही. मूळ आकडे नेहमीच्या डेटाबेसमध्ये ठेवून तासाभराच्या नोंदींचा मिळून एकच हॅश साखळीवर नोंदवणे पुरते. साखळीवर गेलेली माहिती पुढे पुसता येत नाही, त्यामुळे शेताचे नेमके स्थान किंवा मालकाचे नाव तिथे जाऊच देऊ नये. साखळीच्या प्रती कोणकोण सांभाळणार, हे विक्रेत्याला आधी विचारा. सगळ्या त्याच्याच संगणकांवर राहणार असतील, तर स्वाक्षरी केलेल्या नोंदी आणि त्यांचा वेगळ्या जागी ठेवलेला बॅकअप एवढी व्यवस्था कमी खर्चात तेच काम करील.