अंदमानला पहिल्यांदा जाताय? आधी एवढं करा

पाच रात्रींत सहा बेटं बसवू नका. पहिल्या खेपेला पोर्ट ब्लेअर (आता श्री विजयपुरम), हॅवलॉक आणि जमलं तर नील, बस.

नवखे हमखास चुकतात ते इथे:

- परतीचं विमान आणि हॅवलॉकची फेरी बोट एकाच दिवशी. समुद्र खवळला की फेरी रद्द होते. मी एकदा विमान असंच हुकवलंय. आदली रात्र पोर्ट ब्लेअरलाच काढा.
- घड्याळ मुंबईचं, सूर्य मात्र ब्रह्मदेशाचा! डिसेंबरात पाचच्या सुमारास सूर्य मावळतो. हॅवलॉकच्या राधानगर किनाऱ्यावर साडेचारच्या आत पोहोचा.
- पोर्ट ब्लेअरसमोरचं रॉस बेट बुधवारी बंद असतं. वार बघूनच बेत आखा.

पोर्ट ब्लेअरच्या सेल्युलर जेलला अर्धा दिवस द्या. आपली माणसं सावरकरांची कोठडी बघून, फोटो काढून निघतात. तसं करू नका. १९०६ साली पूर्ण झालेल्या या तुरुंगाच्या सात पाखांपैकी तीनच उरल्यात. एखाद्या कोठडीत उभं राहून बाहेर बघा: समोर दुसऱ्या पाखाची पाठ दिसते. कैद्याला कैदी दिसू नये म्हणून केलेली रचना! मग रॉसवर साहेबांच्या चर्चच्या भिंती गिळणारी मुळं बघा.

शंखशिंपले, प्रवाळ पिशवीत टाकू नका, विमानतळावर पकडतात.

डायव्हिंग, पार उत्तरेचं दिगलीपूर वगैरे पुढच्या खेपेला. आधी फेरीची तिकिटं काढा, मग हॉटेल.