अंगणवाडी सुटली, जीव तिथंच राहिला

प्रश्न: मुलगी ६ वर्षांची. अंगणवाडी संपली तेव्हा रडेल म्हणून आम्ही तिला ‘सुट्टी आहे’ एवढंच सांगितलं. जूनमध्ये पहिलीत घातलं, पण ती रोज अंगणवाडीच्या दारात जाऊन बसते. रात्री अंथरूण ओलं करते. काय करू?
– एक आई, सेलू

उत्तर: ताई, लेकरू हट्ट करत नाही, वाट बघतंय. सुट्टी संपली की दार उघडतं, हे तुम्हीच तिला सांगितलंय. आधी खरं सांगा: ‘अंगणवाडी संपली, आता तिथल्या बाई तुला शिकवणार नाहीत.’ रडेल. रडू द्या, लगेच खाऊ पुढं करू नका.

मी परभणी जिल्ह्यातच २५ वर्षं अंगणवाडी चालवली. पहिलीत जाणाऱ्या लेकरांना शेवटच्या दिवशी आपापलं बसकर घडी घालून कोपऱ्यात ठेवायला लावायचे. ‘संपलं’ हा शब्द त्यांना कळायचा नाही, पण आपल्या हातानं घातलेली घडी कळायची. तुमच्या मुलीचं तेवढं राहून गेलंय. एक दुपार तिला बाईंकडे न्या, निरोप घेऊ द्या. तिनं काढलेलं एखादं चित्र मागून आणा, दप्तरात राहू द्या.

शाळेत सोडताना चोरून निघू नका. ‘दोन वाजता येते’ यातलं तिला काही कळत नाही. ‘खिचडी खाऊन झाली की मी फाटकाशी’ म्हणा, आणि खरंच उभ्या राहा.

मोठ्या बदलानंतर अंथरूण ओलं होऊ शकतं. चारचौघांत बोलू नका. लघवीला जळजळ किंवा ताप असेल तर मात्र लगेच डॉक्टरांना दाखवा.

अंगणवाडीतली एखादी मैत्रीण त्याच वर्गात आहे का? दोघींना जोडीनं पाठवा.