घरात सगळे पेपरवाले असले तर टीव्हीत जाणं सोपं जातं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आजोबा आणि वडील वृत्तपत्रात होते, म्हणजे मीडिया घराणं आहे, मला टीव्ही पत्रकार व्हायचंय. नावाचा फायदा होतो का, आणि आधी कोर्स करू की थेट कामाला लागू?

'मीडिया घराणं' या शब्दाशी माझं जुनं वाकडं आहे, म्हणून लिहायला बसलो. घराणं म्हणजे लोकमतचे दर्डा, सकाळचे पवार. तुम्ही त्यांच्यातले असता तर इथे विचारत बसला नसता. आमच्या नाशिकच्या घरात आजोबा छापखान्यात खिळे जुळवायचे, वडील (आम्ही त्यांना अण्णा म्हणतो) एका दैनिकात बातमीदार होते आणि धाकट्या काकांची पेपरची लाइन होती. पहाटे साडेतीनला उठून गठ्ठे घ्यायला जायचे ते. पेपर जुळवला, लिहिला, वाटला, सगळं आमच्याच घरात. मालक तेवढा कुणी झालं नाही. तरी लग्नकार्यात माझी ओळख 'यांचं मीडिया घराणं बरं का' अशीच करून देतात, आणि मागून काकांचा मुलगा त्याचं ठरलेलं वाक्य टाकतो, "याला काय, अण्णांच्या नावावर चाललंय."

मला टीव्हीत जायचं ते 2003 च्या सिंहस्थात ठरलं. चेंगराचेंगरी झाली, 39 भाविक गेले. मी कॉलेजात होतो. अख्खा वाडा आमच्या टीव्हीपुढे बसलेला आणि अण्णा बाहेर, आकडा नक्की करत फिरतायत. पहाटे आले, अंघोळ केली, परत गेले. त्यांनी लिहिलेलं लोकांनी सकाळी वाचलं, पण तोवर सगळ्यांचं बघून झालं होतं. मला वाटलं, यात काय राम आहे? हे मी त्यांना बोलूनही दाखवलं. ते वाक्य ते विसरले नाहीत.

2007 ला स्टार माझा (आताची एबीपी माझा) आणि झी चोवीस तास या बातम्यांच्या वाहिन्या निघाल्या, 2008 ला आयबीएन लोकमत (आताची न्यूज18 लोकमत). (मी काम केलं ती वाहिनी या तिघांतली नाही, उगाच अंदाज बांधू नका.) चोवीस तास भरायचे म्हणजे जिल्ह्याजिल्ह्यात कॅमेरा धरणारा माणूस हवा, तर मी झालो स्ट्रिंगर, म्हणजे बिनपगारी, कामापुरता बातमीदार. स्टोरी लागली, म्हणजे वाहिनीवर दाखवली, तर पैसे, नाही लागली तर पेट्रोल आपलं. सुरुवातीला कॅसेट नाशिकरोडला पंचवटी एक्सप्रेसच्या एखाद्या पासवाल्याच्या हातात द्यायचो, मुंबईला ऑफिसचा मुलगा उतरवून घ्यायचा. अण्णांना याचं भारी हसू यायचं. त्यांच्या वेळी तालुक्याच्या बातम्यांची पाकिटं एसटीच्या कंडक्टरबरोबर यायची. म्हणाले, चला, एसटीवरून रेल्वेवर आलात.

नावाचा फायदा म्हणाल तर कलेक्टर कचेरीतले जुने शिपाई चहा पाजायचे. मुंबईच्या डेस्कला, म्हणजे ऑफिसात बसून बातम्या लावणाऱ्यांना, अण्णा कोण हे ठाऊकही नव्हतं.

आता पुराचं सांगतो. ऑगस्ट होता, वर्ष मुद्दाम सांगत नाही. नाशिकबाहेरच्यांसाठी एवढंच की आम्ही गोदावरीला गंगा म्हणतो आणि पूर दुतोंड्या मारुतीवरून मोजतो. रामकुंडाजवळ पात्रातच उभा आहे तो. गंगापूर धरणातून किती क्युसेक सोडले, होळकर पुलाखालून किती चाललेत, हे आकडे सरकारी. लोकांचा हिशोब गुडघ्याला, कमरेला, छातीला, गळ्याला असा. खाली निफाड तालुक्यात सायखेडा, चांदोरीची माणसंसुद्धा मारुती कुठवर आहे तेच विचारतात, कारण आमच्याकडचं पाणी काही तासांनी त्यांच्या दारात असतं.

मी सराफ बाजारात उभा होतो. गुडघाभर पाणी, शटरं खालून बुडालेली, व्हिज्युअल एक नंबर. तिथून मारुती दिसत नाही. कानात डेस्क: "बाकीच्यांनी मारुती बुडाला चालवलंय, आपल्याकडे खालच्या पट्टीत टिकरसुद्धा नाही. घे." म्हटलं, दहा मिनिटं द्या, बघून येतो. "दहा मिनिटांत बुलेटिन संपतंय." घेतलं. बूम (वाहिनीचा माइक) हातात धरून ठणकावून सांगितलं की दुतोंड्या मारुतीच्या डोक्यावरून पाणी गेलंय, नाशकात हाहाकार.

अण्णा तेव्हा सत्तरीला आलेले. आई सांगते, टीव्ही बघून काही बोलले नाहीत, छत्री घेतली आणि निघाले. वीस मिनिटांनी माझा फोन वाजला.

"मारुतीपाशी कोण आहे तुमचं?"

"कुणी नाही."

"मी आहे. गळ्याला आहे पाणी. दोन्ही तोंडं दिसतायत." जरा थांबून, "आणि तू ज्यात उभा आहेस ना, ती गंगा नाही. सरस्वती नाला आहे तो. मोठा पाऊस झाला की गंगेला पूर नसतानाही तिथं तुंबतं. एवढंही माहीत नाही?"

तो फोन ठेवतोय तोवर सायखेड्याचा एक दुकानदार. आधीच्या पुरात कॅमेऱ्यापुढे बोललेला, बाईट दिलेला माणूस. "साहेब, खरंच बुडाला का? नीट सांगा. माल माळ्यावर टाकू, का पोरंबाळं घेऊन निघू?"

पुढच्या लाइव्हला मी सुरुवातच केली, की मघाशी मी चुकीचं सांगितलं, मारुतीच्या गळ्याशी पाणी आहे आणि माझ्या मागं दिसतंय ते नाल्याचं आहे. वाक्य पुरं व्हायच्या आत अँकर म्हणाली, तांत्रिक कारणामुळे आपला संपर्क तुटलाय. माझा संपर्क उत्तम होता. कानातल्या शिव्या एकूण एक ऐकू येत होत्या. त्या महिन्यात अकरा स्टोऱ्या पाठवल्या, दोन लागल्या.

संध्याकाळी घरी गेलो तर अण्णा जेवत होते. दोघंही काही बोललो नाही. आईनं मला वाढलं.

तेव्हा फायदा काय तो एवढाच, की कुठलं पाणी कुठलं हे घरात कुणाला तरी माहीत असतं. आणि तोटा, की ते माणूस घरी बसून तुमचं बुलेटिन बघत असतं. चुलतभाऊ म्हणतो अण्णांच्या नावावर चाललं. अरे, त्या महिन्यात अण्णांच्या नावावर बुडालो मी.

कोर्सचं राहिलंच. करा. इथे एचपीटी कॉलेज आहे, मुक्त विद्यापीठ आहे, पुण्याला रानडे इन्स्टिट्यूट आहे. शिकवतात ते निम्मं कामाचं नसतं, पण बरोबरची मुलं पुढे डेस्कवर बसतात आणि रात्री अकराला तुमचा फोन उचलतात. जमलं तर 2027 च्या सिंहस्थात कुणाच्या तरी हाताखाली राबा, फुकट राबावं लागलं तरी. पैशांची आशा धरू नका. वृत्तपत्रवाल्यांना मजीठिया वेतन मंडळ होतं; रक्कम हातात पडो न पडो, भांडायला कागद तरी होता. वाहिन्यांना तो लागू नव्हता.

एक सांगायला हवं, मी आता फील्डवर नाही. गेली काही वर्षं डेस्कवर आहे, म्हणजे दुसऱ्याच्या कानात ओरडणारा मीच. "बाकीचे चालवतायत" हे वाक्य मीही वापरलंय, एकदा नाही, बऱ्याचदा. तेव्हा वरचं सगळं त्या हिशोबानं वाचा.

आणि चुलतभावाचं म्हणणं अगदीच खोटं नाही. पहिला कॅमेरा पतसंस्थेच्या कर्जावर घेतला होता, तिथे अण्णांची जामीन म्हणून सही होती. बातमीदाराची सही म्हणून मॅनेजरनं खळखळ केली नाही, हे खरं. पण जामीनदार दोन लागतात. दुसरी सही काकांची. आपल्या लाइनवर महिन्याला किती सुटतात ते त्यांनी मॅनेजरला डायरी उघडून दाखवलं होतं. पोराला सांगू नकोस, त्यालाही काहीतरी घ्यायचं सुचेल, असं मला बाहेर आल्यावर बजावलं.

काका गेल्याला चार वर्षं झाली. हे उत्तर टाकून झालं की चुलतभावाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो.