वाचक विचारतात : सपोर्ट बदलायचे की रंग मारून चालवायचे?

प्रश्न : भाऊ, आमच्या इथं एमआयडीसीत सोयाबीनचा सॉल्व्हंट प्लांट (तेल काढाचा) हाये, मी तिथं मेंटेनन्स पाह्यतो. बॉयलरपासून प्लांटपर्यंत साठेक मीटर स्टीम लाइन (वाफेचा पाइप) हाये, तिचे सपोर्ट, म्हणजे पाइपाचे आधार, 12 वर्षं जुने झाले. ठेकेदार म्हणते सगळेच बदला, मालक म्हणतात रंग मारा नं चालू द्या. सपोर्टचं आयुष्य मोजाचं कसं?
— एक वाचक, वाशीम जिल्हा

उत्तर : भाऊ, 12 वर्षं हे लाइनचं वय झालं, प्रत्येक सपोर्टचं आयुष्य वेगळं असते, म्हणून ठेकेदार आणि मालक दोघांनाही थोडं थांबवा आणि आधी लाइन गरम असताना एक चक्कर मारा, मग बंद पडून थंड झाल्यावर दुसरी. लोखंडी पाइप दर मीटरमागं 100 अंशाला साधारण 1.2 मिलिमीटर वाढते. तुमची लाइन 30 अंशावरून 180 वर गेली तर साठ मीटरमधे 108 मिलिमीटरच्या आसपास वाढ झाली, ती लूपमधे (पाइपाला मुद्दाम दिलेल्या वळणात) जिरायला पाहिजे आणि त्यासाठी शू (पाइपाखालचा, सपोर्टवर सरकणारा पाय) सरकायला पाहिजे. प्रत्येक शूपाशी खालच्या लोखंडी चॅनलवर पेंटनं थंड आणि गरम अशा दोन खुणा करा. अँकर (पाइप जागेवर पक्का धरणारा आधार) सोडून बाकी कुठं खूण हललीच नाही तर शू जाम आहे किंवा कोणीतरी यू-बोल्ट आवळून ठेवला आहे (हे लय ठिकाणी दिसते), मग तो ताण अँकरवर आणि नोझलवर (यंत्राला पाइप जोडते त्या तोंडावर) जाते. कुठं पाइप सपोर्टवरून उचललेला दिसला, खालून उजेड दिसला, तर त्याचं वजन शेजारचे दोघं उचलून राहिले आहेत, त्यांचे वेल्ड आणि फाउंडेशन बोल्ट आधी पाहा. स्प्रिंग हँगर (पाइप स्प्रिंगवर टांगणारे आधार) असतील तर काटा पट्टीवरच्या हॉट-कोल्ड खुणांशी जुळते का ते पाहा, आणि हायड्रोटेस्टच्या (पाण्याच्या दाबाच्या चाचणीच्या) वेळची, स्प्रिंग अडवून ठेवणारी लॉक पिन अजून आतच तर नाही ना, तेही.

गंज मात्र वरून दिसत नाही. पावसाळ्यात भिजलेलं लॅगिंग (पाइपावरचं उष्णता राखणारं वेष्टन) आणि पाइप टेकते ती जागा, तिथं पाणी अडून राहते, रंग वरून चकचकीत आणि खाली पाइप खाल्लेला. लाइन थंड, प्रेशर शून्य असताना पाइपला दुसरा आधार देऊन तिथं जाडी मोजाच.

ब्रॅकेटचा हिशोब सोपा आहे. मूळ 8 मिलिमीटरची प्लेट 12 वर्षांत 6.5 झाली तर वर्षाला 0.125 गेली. डिझायनरनं कमीत कमी 5 लागते म्हटलं तर 1.5 उरली, म्हणजे अजून 12 वर्षं, पण पुढची तपासणी 6 वर्षांच्या आतच ठेवा, पाइपिंगसाठी एपीआय 570 मधेही (पाइप तपासणीचं अमेरिकन मानक) उरलेल्या आयुष्याच्या निम्म्यातच पुन्हा पाहा असं आहे. स्टीम ट्रॅपचं (वाफेचं झालेलं पाणी बाहेर काढणाऱ्या व्हॉल्व्हचं) पाणी ज्या सपोर्टवर ठिबकते त्याला हा हिशोब लावू नका, आधी ठिबकणं बंद करा, तो दरवर्षी मोजा.

आणि भाऊ, हे कळकळीनं सांगतो, तुमच्याकडं हेक्झेन आहे, तेल काढायला वापरतात ते ठिणगीनं भडकणारं द्रव. ग्राइंडर, वेल्डिंग तर सोडाच, गंज झाडायला लोखंडी हातोडासुद्धा परमिट (कामाची लेखी परवानगी) आणि गॅस टेस्टशिवाय चालवू नका. लाइनचं प्रेशर 3.5 किलोच्या वर असेल तर ती आयबीआरमधे (बॉयलरच्या सरकारी नियमांत) येते, पाइपलाच वेल्ड लागणार असेल तर बॉयलर खात्याची परवानगी आणि आयबीआरचा वेल्डर लागतेच. ऑक्टोबरात नवं सोयाबीन येण्याआधी जाम शू आणि सैल बोल्ट तेवढे उरकून घ्या, बाकीचे मोजमाप पाहून ठरवता येतात.