जुन्या कारखान्याची जागा आणि तिच्याखालचे पाणी

प्रश्न : आमची सोसायटी ठाण्यात वागळे इस्टेट परिसरात आहे. शेजारच्या भूखंडावर पूर्वी धातूचे सुटे भाग तयार करून त्यांवर क्रोम चढवणारा कारखाना होता. तो बंद पडून बरीच वर्षे झाली असून आता तेथे दोन तळघरे असलेले निवासी मनोरे उभे राहत आहेत. आमची बोअरवेल कुंपणाच्या भिंतीलगत आहे आणि तिचे पाणी आम्ही फ्लशसाठी व बागेसाठी वापरतो. विचारणा केल्यावर विकासकाने भूखंडावरील एका बोअरच्या पाण्याचा अहवाल दिला. त्यात सामू, टीडीएस, कठीणपणा, क्लोराईड, नायट्रेट, कोलिफॉर्म सारे काही ‘मर्यादेत’ आहे. एवढ्यावर निश्चिंत व्हावे काय?
— एक सोसायटी सचिव, ठाणे

उत्तर : होऊ नये. अहवाल खोटा आहे असे मला म्हणायचे नाही, पण तो तुमच्या प्रश्नाचे उत्तरच देत नाही. या घटकांवरून पाणी खारे आहे का, जड आहे का, त्यात सांडपाणी मिसळले आहे का, हे कळते. क्रोम चढवणाऱ्या कारखान्याच्या जागेचा संशय या यादीने तपासणे म्हणजे थर्मामीटर लावून हाड मोडले आहे का ते पाहणे होय.

तपासणीची सुरुवात प्रयोगशाळेत नव्हे, तर त्या जागेच्या इतिहासात होते. तेथे काय तयार होत होते, कोणती रसायने येत होती, प्लेटिंगच्या, म्हणजे धातूवर मुलामा चढवण्याच्या, टाक्या कोठे होत्या, सांडपाण्याची नाली कोणत्या बाजूने जात होती आणि गाळ कोठे टाकला जाई, हे जुन्या नकाशांवरून आणि शक्य झाल्यास जुन्या कामगारांकडून समजून घ्यावे. राज्याच्या औद्योगिक विकास महामंडळाची सुरुवात १९६२ साली वागळे इस्टेटीतच झाली, त्यामुळे येथील काही भूखंडांवर एकामागून एक निरनिराळे उद्योग होऊन गेलेले असतात आणि शेवटच्या कारखान्याचे नाव पुरेसे ठरत नाही. तुमच्या शेजारच्या जागेसाठी किमान एकूण क्रोमियम, षट्संयुजी क्रोमियम, निकेल, कॅडमियम, शिसे व सायनाइड यांची तपासणी हवी. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, लिटरमागे क्रोमियमची मर्यादा ०.०५, निकेलची ०.०२ आणि कॅडमियमची ०.००३ मिलिग्रॅम आहे. क्रोमियमच्या दोन रूपांपैकी षट्संयुजी रूप अधिक विषारी असून तेच पाण्यात विरघळून दूरवर जाते.

याखेरीज धातूचे भाग तेलमुक्त करण्यासाठी ट्रायक्लोरोएथिलीनसारखी द्रावके (तेल-वंगण विरघळवणारी रसायने) वापरली जात. ती नेहमीच्या चाचण्यांच्या पानावर नसतात, त्यामुळे मुद्दाम मागावी लागतात. पेट्रोल-डिझेल पाण्यावर तरंगते, तर ट्रायक्लोरोएथिलीन पाण्याहून जवळजवळ दीडपट जड असल्याने खाली बसते आणि कातळातील भेगांत शिरते. ठाण्याखाली बेसाल्ट आहे. वरचा मुरूम सोडला तर त्यात पाणी मुख्यतः सांध्यांतून व भेगांतून वाहते, म्हणून एका बोअरचे पाणी स्वच्छ निघाले तरी वीस पावलांवरच्या दुसऱ्या बोअरचे तसे असेलच असे नाही. पाणी कोणत्या दिशेने वाहते हे ठरवायलाही एका सरळ रेषेत नसलेल्या किमान तीन निरीक्षण विहिरी, म्हणजे भूजलाची पातळी व नमुने पाहण्यासाठी मुद्दाम घेतलेल्या बोअर, लागतात, आणि त्यांपैकी एक तरी प्रवाहाच्या वरच्या अंगाला असल्याशिवाय दूषण या जागेचे की बाहेरून आलेले, याचा निवाडा होत नाही.

नमुना कसा घेतला याकडे मी निकालाहून अधिक बारकाईने पाहतो. तुमच्या अहवालाच्या तळाशी लहान अक्षरांत ‘नमुना ग्राहकाने आणून दिला’ असे छापले असेल, तर प्रयोगशाळा फक्त त्या बाटलीतल्या पाण्यापुरती जबाबदार ठरते. ते पाणी कोठले व केव्हाचे, याची हमी ती देत नाही. निरीक्षण विहिरीत साचून राहिलेले पाणी आधी उपसून टाकायचे असते, आणि सामू व विद्युतवाहकता स्थिर झाल्यावरच नमुना घ्यायचा असतो. बाष्पशील, म्हणजे सहज उडून जाणाऱ्या, द्रावकांसाठी ४० मिलिलिटरची काचेची कुपी काठोकाठ, पाणी तोंडावर किंचित फुगून येईपर्यंत भरतात आणि झाकण लावून उलटी करून पाहतात. आत बुडबुडा दिसला तर नमुना बाद, कारण जे मोजायचे तेच त्या हवेत निघून जाते. विरघळलेल्या धातूंसाठी पाणी जागेवरच गाळून त्यात नायट्रिक आम्ल घालतात. षट्संयुजी क्रोमियमची बाटली मात्र आम्लाविना वेगळी ठेवतात. नमुना कोणाच्या हातून कोणाकडे गेला याची नोंद नसेल, तर प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या एनएबीएलच्या शिक्क्याचाही फारसा उपयोग नाही.

एकदाच केलेली तपासणीही पुरी पडत नाही. मे महिन्यात आणि पावसाळ्यानंतर पाण्याची पातळी वेगळी असते. पातळी चढली की मुरुमात अडकलेले दूषण सुटून पाण्यात येऊ शकते.

आता तुमच्याकडील खरी निकड, म्हणजे तळघरांची खोदाई. खड्डा कोरडा ठेवण्यासाठी महिनोन्‌महिने उपसा चालतो, तेव्हा भोवतालचे भूजल त्या खड्ड्याकडे वळते आणि आजवर एका जागी असलेले दूषण हलू लागते. उपसलेले पाणी तपासणीविना नाल्यात सोडले, तर ते पुढे ठाणे खाडीत जाते. याच काळात पायलिंगच्या, म्हणजे पायाचे खांब जमिनीत घालणाऱ्या, यंत्रांखाली निरीक्षण विहिरी मोडतात आणि पुन्हा कोणी बांधत नाही. त्यामुळे नेमके गरजेच्या वेळचे आकडे मिळत नाहीत. विकासकाकडे आग्रह धरायचाच, तर या विहिरी राखण्याचा व उपशाच्या पाण्याच्या तपासणीचा धरा.

बांधीव क्षेत्र २०,००० चौरस मीटर वा अधिक असेल, तर प्रकल्पाला २००६ च्या अधिसूचनेनुसार पर्यावरण मंजुरी लागते आणि तिच्या अटींच्या पूर्ततेचा अहवाल दर सहा महिन्यांनी द्यावा लागतो. तो मागून वाचावा. केंद्र सरकारने २०२५ मध्ये दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे स्वतंत्र नियमही केले आहेत. त्यांत संशयित जागेची आधी प्राथमिक व मग तपशीलवार तपासणी आणि दूषण करणाऱ्याकडून खर्चाची वसुली यांची तरतूद आहे, म्हणून राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी अर्ज करताना त्यांचा उल्लेख करावा. दरम्यान आपल्या बोअरचे पाणी वरील यादीनुसार स्वतंत्रपणे तपासून घ्या आणि निकाल येईपर्यंत ते बागेतील भाजीला घालू नका.

प्रश्न : असेच शंकास्पद बोअरचे पाणी उकळून प्यायल्यास चालेल काय?
— एक वाचक, कोपरखैरणे

उत्तर : नाही. उकळल्याने जंतू मरतात, पण धातू तसेच राहतात, किंबहुना पाणी आटल्याने त्यांचे प्रमाण थोडे वाढतेच. द्रावके बऱ्याच अंशी उडून जातात, पण ती तुमच्याच स्वयंपाकघराच्या हवेत. पिण्यासाठी महापालिकेचेच पाणी वापरावे.