जुन्या भिंतीच्या शेजारी नवे साहित्य ठेवताना

चि. ... यास अनेक आशीर्वाद.

गोव्यातील जुन्या घराचे लहान हॉटेल करण्याचे काम तुझ्याकडे आले, याचा आनंद झाला. तू पाठवलेले नमुने पाहिले. रंगसंगती चांगली आहे, पण ही सारी निवड केवळ डोळ्यांनी केलेली दिसते. जुने आणि नवे साहित्य शेजारी कसे दिसेल, याच्या आधी ओल, एसी आणि रोजची सफाई यांत ते एकमेकांशी कसे वागेल, हे ठरवावे लागते.

सुरुवात भिंतीपासून कर. या घराच्या भिंतींचा जांभा दगड सच्छिद्र असतो. पावसाळ्यात तो ओल घेतो आणि चुन्याच्या गिलाव्यातून ती हळूहळू बाहेर सोडतो. त्यावर सिमेंटचा गिलावा आणि वर ऑइलपेंट चढवला, की ओल आत कोंडते, क्षार फुलतात आणि एकदोन पावसाळ्यांत पापुद्रे सुटू लागतात. कंत्राटदार तरीही सिमेंटचाच आग्रह धरील, कारण चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड घेऊन सावकाश घट्ट होतो आणि उद्घाटनाची तारीख मात्र आधीच ठरलेली असते. म्हणून चुना घट्ट होण्याचे आठवडे वेळापत्रकात पहिल्याच दिवशी लिही आणि त्यावर मालकांची सही घे.

स्नानगृहात मात्र मी चुन्याचा हट्ट धरणार नाही. तेथे जुन्या भिंतीपासून अंतर सोडून गंज न धरणारी धातूची स्वतंत्र चौकट उभी कर, तिच्यावर सिमेंट बोर्ड, जलरोधक लेप आणि पोर्सिलेनच्या लाद्या बसव, नळ व वायरी तिच्यातूनच ने आणि मागची पोकळी खेळत्या हवेसाठी वर-खाली उघडी ठेव. म्हणजे जांभा फोडावा लागणार नाही आणि उद्या गळती झाली तर नवे तेवढेच उघडावे लागेल.

जमिनीवरील नक्षीदार सिमेंटच्या लाद्या भट्टीत भाजलेल्या नसतात. त्यांचा रंगीत थर जेमतेम काही मिलिमीटरचा असतो आणि ॲसिडने धुतल्यास तोच झिजतो, हे हाउसकीपिंगच्या लोकांना लेखी कळव. अशा लाद्या आजही तयार होतात. मुंबईची भारत फ्लोअरिंग्ज अँड टाइल्स ही कंपनी 1922 पासून हे काम करते. तरीही फुटलेल्या लाद्यांच्या जागी हुबेहूब नक्कल बसवण्यापेक्षा शाबूत लाद्या एकाच दालनात एकवटाव्यात आणि इतरत्र साधी एकरंगी फरशी घालावी, असे माझे मत आहे. नव्याला मुद्दाम घासून जुने भासवण्याची हौस मला कधीच पटली नाही.

जुन्या खिडक्यांना काचेऐवजी बसवलेल्या शिंपल्यांच्या तावदानांतून येणारा मऊ उजेड कोणतीही दुधी काच देत नाही, पण त्यांच्या फटींतून एसीची गार हवा निघून जाते. त्यामुळे आतल्या बाजूस काचेचे सरकते पल्ले स्वतंत्र चौकटीत बसव. मूळ लाकडात एकही स्क्रू जाता कामा नये. जुन्या सागवानापासून दारे करणार असशील, तर रंधा मारण्यापूर्वी खिळे शोधून काढ आणि वाळवी पाहून घे. एसीच्या खोलीत लाकूड आकसते, दमट हवेत फुगते. म्हणून दारातील फळ्या खाचेत सैल राहू देत, त्या चिकटवू नकोस.

एक खोली पावसाळ्याआधी पूर्ण कर आणि गणपतीपर्यंत वापरून पाहा. पडद्यांचा आणि दिव्यांचा विचार त्यानंतर करू. तूर्त स्नानगृहाच्या भिंतीचा आडवा छेद काढून पाठव. पोकळी किती ठेवली आहे, ते मला पाहायचे आहे.